माझ्याच दारातून

दार सताड उघडं असलं तरी खाला आधी कडी वाजवायची. मग उंबऱ्यातून आत पाऊल टाकत म्हणायची, "इचारायलेय न्हाई हं. माझ्याच दारातून यायलेय."

घर अण्णांचं होतं आणि मी त्यांचा भाडेकरू. बीदर जिल्ह्यात, हळ्ळीखेडकडच्या एका गावात मराठी शाळेवर माझी नेमणूक झाली आणि अण्णांच्या ओसरीलगतची खोली मला मिळाली, तेव्हाची गोष्ट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती म्हातारीची थट्टाच वाटली. कुठल्याही घरात हक्कानं शिरणारी अशी एखादी बाई गावोगाव असते, तुम्हीही पाहिली असेल. अण्णाही हसून म्हणायचे, "ये खाला, बस. चा टाकायला सांगतो."

खाला म्हणजे मावशी, सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. ती चिटगुप्प्याला राहायची आणि आसपासच्या गावांतून लोकांच्या अंगणात बसून वाकळा शिवायची. अण्णांची नात जन्मली तेव्हा तिची पहिली वाकळ खालानंच शिवली. अण्णांच्या आईचं सगळ्यात मऊ लुगडं तिनं हट्टानं मागून घेतलं, अन् ते बाळाच्या अंगाला लागेल अशा बाजूनं घातलं. "पोरीनं काय केलंय कुणाचं," एवढंच म्हणाली.

मोहरमच्या आधी मात्र ती वाकळा शिवायला येत नसे. तेव्हा पिशवीत करडईच्या तेलाची बाटली असायची. अण्णांच्या घराचं पुढचं दार खरोखर देखणं होतं, अस्सल सागवानी, चौकटीवर वेलबुट्टी. खाला ते चिंधीनं वरपासून खालपर्यंत तेलानं पुसून काढायची आणि अण्णांच्या बायकोला रागं भरायची. "पाण्याच्या फडक्यानं पुसायलीस व्हय ग? लाकूड हाय, फरशी न्हाई." बाईही निमूट ऐकून घ्यायच्या.

कडीच्या खाली एक लांबट खोलगट जागा होती. तिथं पुट्टी भरून वरून रंग दिला होता. तेल लावताना खालाचा हात तिथं आला की थांबायचा. मी एकदा विचारलं, हे काय आहे?

"कुऱ्हाड," ती म्हणाली आणि पुढं तेल लावू लागली.

मग तिनंच सांगितलं. तिचा बाप ह्याच गावचा सुतार. गावातले निम्मे नांगर त्याच्या हातचे, अण्णांच्या घरचाही. हे दार त्यानं स्वतःच्या घरासाठी घडवलं होतं. निजामाचं राज्य गेलं, भारताची फौज आली आणि त्यानंतरच्या दिवसांत गावातल्याच माणसांनी हे दार फोडलं. बाप, चुलता आणि थोरला भाऊ घराच्याच अंगणात मारले गेले. खाला तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. मायलेकी ज्वारीच्या रानातून पळाल्या आणि चिटगुप्प्याला पोचल्या. पुढं काही महिन्यांनी ती आईबरोबर परत आली, तर घराच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या आणि दार अण्णांच्या घराला बसवलेलं होतं.

मी अण्णांना विचारलं. अण्णा वाईट माणूस नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "वडलांनी लिलावात घेतलं हुतं, गुरुजी."

खाला ओसरीवरच होती. "लिलाव पुकारला कुणी, ते बी सांग की. दार फोडलं तवा मी इथंच हुते."

"कामून जुनं काढायलीस, खाला? रझाकारांनी काय कमी केलं हुतं का? झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेला कुठं मिळालं? तुझ्या घराला मिळालं. अन् रझाकार कोण हुता रे? नांगर करणारा माझा बाप?"

तिला दार परत नको होतं. ते लावायला घर कुठं होतं तिचं? तिचं मागणं एकच होतं. हे दार कसं आलं, ते अण्णांनी चार माणसांत एकदा सांगावं.

आता मला ज्याचा संताप येतो ते सांगतो. या गावात मुसलमानाचं एकही घर उरलं नव्हतं, तरी मोहरमात पीर दरवर्षी बसायचे. गावकरीच पीराचे पंजे उचलायचे, फकीर व्हायचे, मलिद्याचा नैवेद्य दाखवायचे. आमच्या गावचा पीर फार कडक, असं अभिमानानं सांगायचे. पीर ठेवून घेतले आणि पीराच्या माणसांना घालवलं, आणि ह्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. सप्टेंबरात शाळेत निजामापासून मुक्तीचा झेंडा लागायचा. भाषणांत रझाकारांनी जाळलेल्या गावांची नावं यायची, म्हातारी माणसं डोळे पुसायची. ते रडणं खरं होतं. पण त्यानंतरच्या दिवसांबद्दल अवाक्षर नाही. अर्धं रडून उरलेलं गिळायची सवय झालेली माणसं ही.

देशभर दंगली झाल्या, त्यानंतरच्या उन्हाळ्यात बीदरहून सद्भावनेची मंडळी आली. अंगण मोठं म्हणून सभा अण्णांच्याच घरी. खालाला बोलावून खुर्चीवर बसवलं, लुगडं-नारळ दिला. एक गोरेगोमटे गृहस्थ माइकवर म्हणाले, आजी आता आपल्याला सांगतील की त्यांनी सगळ्यांना माफ केलं आहे.

खालानं माइक हातात घेतला. "माफी कुणी मागितली?" तिनं समोर पाहून विचारलं. "मागितलेली न्हाई ती देऊ कशी? अण्णा बसलाय इथं. तो आधी सांगंल, मग मी इसरते."

अण्णांनी मान खाली घातली. गृहस्थांना बहुधा 'इसरते' तेवढंच ऐकू आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, अण्णा आणि खाला शेजारी शेजारी. असला समेट मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही. लुगडं-नारळ खाला खुर्चीवरच ठेवून गेली.

तरी मोहरमच्या आधी ती तेल घेऊन यायचीच. वर्षं गेली. अण्णांचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, घरावर स्लॅब टाकायचं ठरलं. त्याच सुमाराला हैदराबादचे व्यापारी जुनी दारं-खांब विकत घ्यायला गावोगाव फिरू लागले होते. हॉटेलांना म्हणे शोभेला लागतात. दार टेम्पोत चढलं. व्यापाऱ्यानं विचारलं, किती पिढ्यांचं? अण्णा म्हणाले, "वडिलार्जित."

त्या जागी लोखंडी दार आलं, हिरवं, बेल असलेलं. मोहरमच्या आधी खाला आली, पिशवी हातात. मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. ती त्या हिरव्या दारासमोर थांबली. वाजवायला कडीच नव्हती. बेलला तिनं हात लावला नाही. आत बघून म्हणाली, "अण्णा, आत येऊ का?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.

अण्णा बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. गल्लीत इकडंतिकडं पाहून ते तिच्या जवळ गेले आणि पुटपुटले, "खाला, लिलाव-बिलाव न्हाई झाला. वडलांनीच फोडून आणलं हुतं."

खाला म्हणाली, "मोठ्यानं सांग. दार फोडलं तवा आवाज गावभर गेलता."

अण्णा मागं सरले. शेजारच्या कट्ट्यावरची माणसं वळून बघू लागली होती. खालानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग तेलाची बाटली पायरीवर ठेवून बस थांब्याकडे गेली.

ती पुन्हा आली नाही. पुढच्या थंडीत ती गेल्याचं कळलं. अण्णा आणि मी चिटगुप्प्याला मातीला गेलो. डोक्याला रुमाल बांधून अण्णा सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि शेवटी त्यांनीही मूठभर माती टाकली.

परतीच्या बसमध्ये ते माझ्याशेजारी बसले होते. गाव जवळ आलं तेव्हा माझ्याकडं वाकून म्हणाले, "गुरुजी, बोलायला पाहिजे हुतं मी."

पुढच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाणार नाही, अशा बेतानं म्हणाले.