अडीच इंचाचं घर

मॅट्रिकच्या वर्षी सरांनी मला अमरावतीत स्वतःच्या घरी ठेवून गणित आणि विज्ञान शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीपलीकडे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो त्यांच्यामुळे, हे मी आजही कोणालाही सांगतो. दरवर्षी तूर निघाली की बाबा नवी डाळ आधी सरांकडे पोचती करत, मग घरात शिजत असे.

सरांना शिकारीचा नाद होता. रानडुकरांसाठी बाबांना बंदुकीचा परवाना मिळाला तेव्हा सर म्हणाले, "दुकानात कशाला जाता? माझी जुनी दुनळी घ्या. काडतुसांचे दोन डबेही देतो." बाबांना तो प्रसादच वाटला.

पहिल्याच बाराला त्यांचा खांदा निळा पडला. "बंदूक हाय, लाथ तं मारीनच," ते हसले. पुढे नळी दस्त्याला मिळते तिथला सांधा हलू लागला, फटीत पोस्टकार्ड जाईल इतका. तरी बाबा म्हणत, "सरायची वस्तू हाय. मलेच वापरता येत नसन."

मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत नुकताच लागलो होतो. सुट्टीत घरी आलो आणि पट्टी घेऊन बसलो. डोळ्यावर विसंबू नका, मोजा, असं सर प्रयोगशाळेत सांगायचे. कोरं काडतूस अडीच इंचांहून कमीच भरलं. उडवलेलं रिकामं मात्र पावणेतीन, आणि त्याच्या तोंडाचा कागद पिंजलेला. नळीखाली कोरलं होतं अडीच, म्हणजे आत काडतूस बसतं त्या घराची लांबी.

तेव्हा उलगडा झाला. कोऱ्या काडतुसाचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं, म्हणून ते बिनतक्रार आत बसतं. बार होताना ती घडी उघडते, आणि काडतुसाच्या घरात तिला जागाच नसते. ती पुढच्या अरुंद नळीत शिरते, छर्ऱ्यांची वाट आवळते, आणि दाब भलताच वाढतो. एखाद्या दिवशी नळी फुटली असती. बाबा नेम धरताना गाल दस्त्याला टेकवत.

सरांच्या नजरेतून हे सुटलं असणार, असं मला वाटलं. मी मोजून शोधलं हे ऐकून ते खूष होतील, असंही वाटलं.

आखूड काडतुसं घ्यायला बाबांसोबत अकोल्याच्या बंदूकवाल्याकडे गेलो. त्याने बंदूक हातात घेतली आणि लगेच ओळखली.

"ये तो मास्टरसाब की है! पिछले साल बेचने लाए थे. मैंने ली नहीं. बोला भी, ये लंबे काडतूस इसमें मत चलाओ, किसी दिन मुँह पे फटेगी."

"त्यायले सांगतलं होतं तुमी?" बाबांनी विचारलं.

"दो बार बोला, चच्चा."

सरांकडे जायला बाबांनी तिथूनच अमरावतीची गाडी धरायला लावली. अमरावतीला सरांच्या घरी ते पायरी चढले नाहीत. फडक्यात गुंडाळलेली बंदूक धरून फाटकाशीच उभे राहिले.

मी आत जाऊन सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला.

"काडतूस आत बसत होतं ना?"

"बसत होतं, सर."

"मग? माझ्या हातात कधी फुटली का?" ते पुढे म्हणाले, "आणि तू बी.एस्सी. आहेस. बापाच्या हातात देण्याआधी तू मोजायचं होतंस."

वर्गात असं उत्तर कोणी दिलं असतं तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. काकूंनी चहा आणला. मी तो प्यायलो, आणि निघताना सवयीने वाकून पायाही पडलो.

फाटकाशी बाबांनी एवढंच विचारलं, "तुले शिकवलं, ते तरी बराबर शिकवलं ना त्यायनं?"

"बराबर शिकवलं, बाबा. म्हणून तं समजलं."

त्यांनी मान हलवली. त्या साली तूर चांगली झाली. डाळ भरडून झाली तशी आईने पहिल्याच दिवशी आमच्या चुलीवर वरण चढवलं, आणि बाबा जेवायला बसले.