तूट तोंडावर सांगणाऱ्या कारकुनाची बदली रद्द करणेबाबत

अर्जदार: मी, पिंपरी येथील अर्जलेखक. साक्षीदार: तळवड्याच्या पारूबाई. कारकुनाचे नाव खुद्द कारकुनांनीच घालू दिले नाही.

शिलकीच्या वर्षी अनुदान वेळेवर मिळते, तेव्हाही सदर गृहस्थ कोणाचा पेढा घेत नाहीत. यंदा राज्याचा अर्थसंकल्प तुटीत गेला, निराधारांचे अनुदान थांबले. तहसील कचेरीतल्या बाकी खिडक्या "उद्या या" म्हणत होत्या. हे चष्मा काढून रांगेत पारूबाईंपाशी आले.

"मावशी, सरकारकडेच पैसे नाहीत. आले की फोन करतो, हेलपाटे घालू नका."

"आन् न्हाई केला तर?"

"तर इथं येऊन माझी खरडपट्टी काढा."

अनुदान येताच फोन आला. मात्र तूट उघड बोलल्याबद्दल त्यांची बदली झाली आहे. पुढच्या तुटीत पारूबाईंना खरे कोण सांगणार, याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.