अजून लहान आहे

अपील फेटाळलं की तो डोक्यावरची टोपी काढायचा आणि तिची कड दातांत धरायचा. मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "काका, ही आउट होता!"

समोरचा फलंदाज सहा फुटी यॉर्कशायरचा गडी असला तरी ‘ही’च. लीड्समध्ये जन्मलेल्या आपल्या मुलांच्या मराठीत बायका-पुरुषांची अशी अदलाबदल चालायचीच, त्याचं मला काही वाटत नसे. पण मी तेव्हा पांढरा कोट घालून अंपायर म्हणून उभा असे, आणि अंपायरला मैदानावर कुणी काका म्हणू नये. हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. तो लगेच कान पकडायचा. "सॉरी काका."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे आणि शनिवारी लीगच्या सामन्यात सहा तास उभं राहायचं, असा माझा क्रम होता. गुडघे दुखायचे. बायको म्हणायची, घरी बसा की. पण घरी बसूनही माणूस थकतोच.

त्याची आई आमच्याच हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होती. मूळची नागपूरची. नवरा लवकर गेला, मुलगा तिने एकटीनेच वाढवला. त्यांच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली फळीवर या पोराचे कप मांडलेले. त्या फळीवर ती धुळीचा कण राहू देत नसे. मला म्हणायची, "भाऊ, बॉल छान टाकतो हो तो. पण मैदानात गेला की डोकं घरी ठेवून जातो. तुम्ही सांगा ना जरा. तुमचं ऐकेल."

तो माझंही ऐकत नव्हता.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. जिंकायचंच म्हणून नव्हे, तर खेळ चाललाय आणि आपण त्यात आहोत एवढ्यानेच ज्यांचं अंग तापतं, तशी. एकोणिसाव्या वर्षी त्याचा चेंडू आमच्या लीगमधल्या कुणालाही कळत नव्हता. डाव्या बुटात अंगठ्याचं नख उखडून मोजा लाल झालेला असताना तो अकरा षटकं टाकत राहिला, आणि मी "बस झालं" म्हटल्यावर माझ्यावरच चिडला. एकदा त्याच्या चेंडूवर एका वयस्क क्षेत्ररक्षकाने सोपा झेल सोडला. या पोराने त्या माणसाला सगळ्यांसमोर असं काही झापलं की मला खेळ थांबवावा लागला. सामना संपल्यावर बघतो तर हाच त्या गृहस्थांची बॅग खांद्यावर टाकून बसस्टॉपपर्यंत निघालेला, आणि वाटभर "सॉरी, सॉरी" चाललेलं. दुसऱ्या एका सामन्यात सगळे नाचत असताना हा स्वतःच माझ्याकडे आला. "काका, नाही पकडली मी. बॉल गवताला लागली." फलंदाजाला परत बोलवावं लागलं आणि त्याचाच संघ त्याच्यावर रुसला.

त्याच्याच संघात त्याच्याच वयाचा एक सोनेरी केसांचा सलामीवीर होता. बाद झाला की तो बॅट ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर आपटायचा. क्लबची म्हातारी मंडळी हसायची. म्हणायची, पोरात आग आहे. आमच्या पोराने टोपी चावली की तीच मंडळी माना हलवायची. म्हणायची, स्वभाव बरा नाही. मला हे दिसत होतं. मी काही बोललो नाही. पांढऱ्या कोटातल्या माणसाने कुणाची बाजू घ्यायची नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग तो कपचा सामना आला. काउंटीच्या व्यावसायिक संघासाठी नवी पोरं हेरणारे एक गृहस्थ त्या दिवशी मुद्दाम त्याला बघायला आले होते. साऱ्या क्लबला हे ठाऊक होतं, त्यालाही. आईने ड्यूटी बदलून घेतली होती आणि ती सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्चीत बसली होती.

चहाच्या वेळी प्रतिस्पर्धी कप्तानाने कुणाला तरी विचारलं, हा गोलंदाज अंपायरला सारखं ‘काका’ काय म्हणतो? कुणीतरी अर्थ सांगितला. कप्तान माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "अच्छा, म्हणजे अंपायर याचे चुलते आहेत तर!" सगळे हसले. मीही हसलो. पण अर्धा चहा तसाच ठेवून मी सगळ्यांच्या आधी मैदानात गेलो.

शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना जिंकायला दोन धावा हव्या होत्या. त्याने चेंडू टाकला, तो आत वळला आणि फलंदाजाच्या पॅडवर आदळला. मधल्या यष्टीसमोर. वीस वर्षं अंपायरगिरी केलेल्या माणसाला असल्या चेंडूवर विचार करावा लागत नाही. पोरगा गुडघ्यांवर बसून ओरडला, पॅडवरून घरंगळत आलेला चेंडू त्याच्या हातात होता.

माझं बोट वर गेलं नाही. पायचीत मला दिसला होता, पण त्या एका क्षणात चहाच्या टेबलावरचं ते हसू आड आलं. मी म्हटलं, "नॉट आउट."

या वेळी त्याने टोपी काढली नाही. "काका, तुम्हाला दिसला! तुम्हाला दिसला ना?" असं म्हणत त्याने हातातला चेंडू जिवाच्या आकांताने जमिनीवर आपटला. कोरड्या खेळपट्टीवरून तो उसळला आणि मोकळ्या जागेत दूर गेला. फलंदाज हुशार होते. ते धावले, एक आणि दोन. सामना संपला.

तो तिथेच उभा राहिला. टाळ्या वाजत होत्या आणि त्याला त्या कशाबद्दल आहेत हे कळत नव्हतं.

पॅव्हिलियनमध्ये ते काउंटीचे गृहस्थ माझ्याजवळ आले. सभ्य माणूस होता. म्हणाले, "तुम्ही याला बरीच वर्षं पाहताय. हे जे आज झालं, ही खेळाची ओढ म्हणायची की पोरकटपणा?"

मला त्याला वाचवायचं होतं, हे खरं सांगतो. आपल्याकडे कुणाच्या पोराने काच फोडली तर आपण जे म्हणतो, तेच माझ्या तोंडी आलं. अजून लहान आहे. म्हणजे सोडून द्या, पोटात घाला. मी ते इंग्रजीत म्हटलं, "ही इज स्टिल अ चाइल्ड."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत एकच शब्द लिहिला. मी जवळच उभा होतो. ‘इमॅच्युअर.’

मला सांगता आलं असतं की चूक माझी होती. तो आउट होता. मी थकलो होतो, कोट काढून घरी जायचं होतं. रिपोर्टातही मी त्याने काय केलं ते लिहिलं, मला काय दिसलं ते लिहिलं नाही. त्याला दोन सामन्यांची बंदी झाली. काउंटीकडून काहीच आलं नाही. आई पुढे बरेच आठवडे लॅबमध्ये नमुने घेऊन यायची, "बरंय ना भाऊ?" विचारायची, आणि मी मायक्रोस्कोपमधून डोकं काढायचो नाही.

पुढच्या वर्षी तो खेळला, पण शांतपणे. अपील करायचा तेही विचारल्यासारखं. मला ‘अंपायर’ म्हणायला लागला. क्लबची मंडळी खूश होती. म्हणत, आता मोठा झाला. त्याचा चेंडू आता सगळ्यांना कळायला लागला होता. दोन हंगामांनी त्याने खेळ सोडला आणि साउथहॅम्प्टनला बंदरात नोकरी धरली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आई निवृत्त झाली. तो तिला कायमची न्यायला भाड्याची व्हॅन घेऊन आला. मी निरोप द्यायला गेलो. तो आता तिशीच्या जवळ आला होता, अंगाने भरलेला. त्याने आईला पुढच्या सीटवर बसवलं, तिच्या मांडीवर बाबासाहेबांची तसबीर चादरीत गुंडाळून ठेवली, पट्टा लावून दिला. मग मागचं दार बंद करायला आला, तेव्हा आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "त्या दिवशी तो आउट होता रे. मला दिसलं होतं."

त्याने कडी लावली, दोनदा ओढून बघितली.

"माहीत होता मला, काका," तो म्हणाला. "पण बॉल तर मीच फेकली ना."

त्याने माझा हात हातात घेतला, क्षणभर धरला, आणि गाडीत जाऊन बसला. व्हॅन गल्लीच्या टोकाला जाऊन थांबली. डावीकडचा दिवा लुकलुकत होता. दोन्ही बाजूंचा रस्ता रिकामा होता, मला इथूनही दिसत होतं. तरी तो बराच वेळ तसाच थांबला होता. मग वळला.