साडूंच्या टाकीतलं तेल

पेट्रोल वाचवण्यासाठी आमच्या साडूंनी आयुष्यभर जेवढा घाम गाळला, तेवढ्या घामावर स्कूटर चालत असती तर पेणच्या पेट्रोलपंपांना कधीच कुलपं लागली असती. माणसं गाडी घेतात ती कुठेतरी लवकर पोचायला. साडूंच्या मते लवकर पोचणं हा गाडीचा दुरुपयोग होता. गाडी होता होईल तेवढी न चालवता होता होईल तेवढं लांब जायचं, हे त्यांचं शास्त्र होतं, आणि या शास्त्राचे आचार्यही तेच आणि शिष्यही तेच. माझी बायको रोह्याची सून झाली आणि तिची थोरली बहीण, म्हणजे अक्का, पेणला राहिली. त्यामुळे वर्षातून चार-सहा वेळा तरी हे शास्त्र माझ्या दारात येऊन उभं राहायचं. उभं म्हणजे सावलीत. उन्हात पेट्रोल उडतं.

त्यांची स्कूटर जुनी, टू-स्ट्रोक. आजच्या बिनगिअरच्या गाड्या चालवणाऱ्यांना सांगायला हवं, की या जुन्या गाडीच्या पेट्रोलातच तेल मिसळून टाकावं लागतं. तेल इंजिनाच्या आतून फिरतं आणि निळसर धूर होऊन बाहेर पडतं. जास्त टाकलं तर गाडी खोकते, अजिबात टाकलं नाही तर पिस्टन आतल्या आत घट्ट धरून बसतो आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. साडू ते तेल खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजत. झाकण डोळ्यांसमोर धरायचं, एक डोळा मिटायचा आणि श्वास रोखायचा. पंपावरची मागची रांग भोंगे वाजवून थकायची. एकदा एका रिक्षावाल्याने विचारलं, "काका, बाळाला पाजताव काय?" साडूंनी मान न वळवता सांगितलं, "व्हय, आणि बाळ तुझ्यासारखं माजलेलं नाय."

चढ आला की अक्का उतरायची. हा नियम लग्नानंतर पहिल्याच महिन्यात झाला असावा, कारण मी पाहिलं तेव्हा तिला तो सांगावा लागत नव्हता. नागोठण्याहून रोह्याला येताना खिंडीच्या पायथ्याशी गाडी हळू झाली, की ती पदर खोचून खाली. साडू एकटे वर जात आणि माथ्यावर झाडाखाली थांबत. ती धापा टाकत आली की पुन्हा मागे बसायची, आणि साडू इंजिन बंद करून उतार सोडत. पार पायथ्यापर्यंत. आवाज नाही, धूर नाही. अक्का मला एकदा म्हणाली होती, आमच्या संसारातली सगळी बोलणी उतारावर झाली, भावजी. एरवी इंजिनापुढे ऐकू कुठे येतं? थोरल्याचं नाव, धाकटीचं स्थळ, सासऱ्यांचं आजारपण, सगळं त्या एका उतारावर ठरलं. विषय मोठा असला तर परतीचा उतार येईपर्यंत तो तसाच राहायचा.

ब्रेक लावणं म्हणजे त्यांच्या मते पेट्रोल डांबरावर ओतून देणं. वडखळच्या नाक्यावर थांबावं लागणार हे ओळखून ते इतक्या लांबून हात सैल करत, की मागच्या टेम्पोवाल्यांना वाटायचं ह्यांना इथेच कुठेतरी घर आहे. ओळखीचं कुणी रस्त्यात भेटलं तरी ते थांबत नसत, नुसते मंद होत. समोरच्याने बाजूने चालत चालत बोलायचं. पेणच्या बाजारात असे कितीतरी प्रतिष्ठित लोक मी त्यांच्या बाजूने पळताना पाहिले आहेत.

वजनाचं तर त्यांना वेडच होतं. टाकी कधी भरायची नाही, कारण पेट्रोलालाही वजन असतं आणि ते वाहून न्यायला पुन्हा पेट्रोल लागतं. जेमतेम पोचेल एवढंच टाकायचं. किती उरलंय हे बघायला त्यांच्याकडे बांबूची एक तासलेली काठी होती. ती टाकीत बुडवायची, बाहेर काढून उजेडाला धरायची. मी एकदा निरोपाला अक्काच्या पिशवीत दोन नारळ घातले, तर यांनी गाडी नुसती स्टँडवरून काढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय टाकलंस रे?"

रविवारची सकाळ प्लगची. पाना लावून प्लग काढायचा, काचकागदाने घासायचा, रंग बघायचा. प्लग काळा असेल तर उधळपट्टी चाललीय, पांढरा असेल तर उपासमार. मारीच्या बिस्किटासारखा दिसला की साडूंच्या तोंडावर असं समाधान यायचं, की अक्का त्याच वेळी घरखर्चाला पैसे मागून घ्यायची. मग एअर फिल्टर धुणं, क्लचच्या केबलला ग्रीस, पायपंपाने हवा. कार्ब्युरेटर साफ करायला ते आपल्या कामावरचे झिजलेले ब्रश वापरत.

त्यांचं काम सांगायचं राहिलं. साडू पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करत, म्हणजे मूर्तीचे डोळे काढत. अंग रंगवणारे पुष्कळ असतात, डोळ्यांना हात लावणारे मोजके. बारीक ब्रश घेऊन ते मूर्तीसमोर बसले, की हा रस्त्यावर टेम्पोची रांग लावणारा माणूस क्षणात एक रेघ ओढायचा आणि पुढच्या मूर्तीकडे वळायचा. पुन्हा मागे बघायचा नाही. मी एकदा विचारलं, चुकलं तर? म्हणाले, "डोळा एकदाच काढायचा असतो. पुसून काढलेला डोळा बघत नाय."

इथपर्यंत हसत सांगता येतं. अनेक वर्षं मी चारचौघांत एवढंच सांगत आलो आणि लोकांना हसवत आलो. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी रोह्यात आम्ही नवीन फ्लॅट घेतला आणि वास्तुशांत घातली. साडू आणि अक्का आदल्या दिवशीच स्कूटरवरून आले. पूजेच्या सकाळी निडीहून भटजींचा फोन आला की त्यांची गाडी बंद पडलीय, कुणीतरी न्यायला या. माझी स्कूटर मुलगा फुलं आणायला घेऊन गेलेला. मी साडूंकडे बघितलं. त्यांनी ती गाडी स्वतःच्या मुलालाही कधी दिली नव्हती. पण त्या दिवशी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. काठी बुडवून दाखवली, निडी करून पेणला पोचण्यापुरतं पेट्रोल आहे असं सांगितलं, मात्र बेताने चालवायचं, तुझ्या कंपनीची शिफ्ट चुकल्यासारखं नाय.

मी ती शिफ्ट चुकल्यासारखीच पळवली. मुहूर्त टळत चालला होता हे खरं, पण मजाही आली, हेही खरं. कुणीच कधी न पिळलेली तिची मूठ मी पार शेवटपर्यंत पिळली. परत येताना भटजी मागे बसलेले, गावात शिरता शिरता गाडी गचके देऊ लागली. रिझर्व्हवरही फार वेळ निघाला नसता. पंपावर शिरलो. पंपावरच्या माणसाने विचारलं, "तेल किती?" मी माझ्या बिनगिअरच्या गाडीच्या सवयीने हात हलवून म्हटलं, तेल नको, पेट्रोलच टाक. मग डिकीतली साडूंची काठी बुडवून बघितली. निघताना होतं त्याहून जरासं कमी राहील एवढंच टाकून घेतलं. म्हणजे त्यांना वाटावं की मी बेताने चालवली.

तसंच झालं. घरी आल्याआल्या त्यांनी काठी बुडवली, उजेडाला धरली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निडीला जाऊन आलास आणि एवढंच खाल्लं? हात बसला तुझा." वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हे सांगितलं. त्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाच्या चालवण्याचं कौतुक केलं नव्हतं. मी मान खाली घालून ते ऐकत राहिलो, आणि लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. किक मारली. धूर नेहमीपेक्षा कमी होता. साडू खूश होऊन म्हणाले, बघ, प्लग घासल्याचा फायदा. तो धूर का कमी झाला हे मला त्याच क्षणी कळलं. मीही एके काळी टू-स्ट्रोक चालवलेली आहे. एवढंच म्हणायचं होतं, दादा, थांबा, तेल राहिलं. पण मग पेट्रोल कधी टाकलं ते सांगावं लागलं असतं, आणि काठीचं, आणि कालच्या सगळ्या कौतुकाचं. मी स्वतःला सांगितलं की जुन्या तेलाचा थर आत असतो, पेणपर्यंत निघेल. अक्का मागे बसली. मी हात हलवला.

वडखळच्या अलीकडे मागचं चाक धरलं. दोघंही रस्त्याकडेच्या खडीत पडली. साडूंना खरचटलं. अक्काचं मनगट मोडलं. पेणच्या मेकॅनिकने इंजिन उघडून बघितलं आणि सहज म्हणाला, "काका, पेट्रोलात तेलच नाय. टाकायला विसरलाव." हे मला अक्काने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, असं कसं झालं? हे तीन शब्द मी किती सहज उच्चारले, त्याचं मलाच अजून नवल वाटतं.

साडूंनी आधी ऐकून घेतलं नाही. झाकणाने मोजून तेल टाकल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. मग, टाकलं असणार, म्हणू लागले. मग नुसते गप्प बसू लागले. त्यांच्या वडिलांना शेवटी शेवटी घरचा रस्ता सापडत नसे. लोक त्यांना वडखळच्या नाक्यावरून हाताला धरून आणत. साडूंना ते सारखं दिसू लागलं असावं. दिवाही आपणच घालवला का, कुलूपही आपणच लावलं का, सगळं अक्काला विचारायला लागले. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले, सुरुवातीला कळत नसतं. स्कूटर त्यांनी स्वतःहून मेकॅनिकला देऊन टाकली. आणि आखणीला बसले तेव्हा एक डोळा काढून शेजारच्याला विचारलं, बरोबर आलाय ना? पुढच्या मूर्तीला पुन्हा विचारलं. हंगाम तोंडावर होता. कारखान्याच्या मालकाने मोठ्या मायेने त्यांना यंदा विश्रांती घ्यायला सांगितलं.

मी प्रत्येक वेळी पेणला जाताना ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. न बोलणं हे किती सोपं काम आहे, ते मला फार चांगलं जमतं. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. हातात काही नव्हतं. पायपंप नाही, काचकागद नाही. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. निडी, पंप, काठी, धूर. काही गाळलं नाही.

त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि मग हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

"तुला अक्काने पढवलं ना?"

मी म्हटलं, मुलांची शपथ घेऊन सांगतो.

"शपथ नको घेऊ. साडूभाऊ, तू फार भला माणूस हायस. पण मी काठी बुडवून बघितलं होतं. पेट्रोल कमी होतं, वाढलेलं नव्हतं. तू टाकलं असतंस तर मला कळलं नसतं?"

"दादा, मी मोजूनच कमी टाकलं होतं."

"कोण असं करील?" ते म्हणाले. "तुझा हात चांगला बसला होता त्या दिवशी. माझ्यापायी ते नको पुसू."

मी आणखी काय काय सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाची समजूत घालतात तसा. मग आत गेले आणि स्वतः चहा करून आणला. माझ्यासमोर ठेवला, मी प्यायलो, कप घेऊन ते पुन्हा आत गेले.

अक्का मला पोचवायला फाटकापर्यंत आली. ती दाराआडून सगळं ऐकत होती. तांदळाची भाकरी आता तिला थापता येत नाही, मनगट पुरतं वळत नाही. फाटकाची कडीही तिने डाव्या हाताने काढली.

"खरं बोललात ना भावजी?"

मी हो म्हटलं.

"मग तेव्हा का नाय बोललात?"

ती वाट बघत होती. रागाने बघत असती तर बरं झालं असतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला.

"गो, पाव्हण्याला मी चहा दिला ना?"

मी आणि अक्का, दोघंही एकदमच "दिलात" म्हणालो. मग ते म्हणाले, "बरं झालं."