डब्यांना हात लावायचा नाही

उदयसिंह भोईटे हे नाव ऐकल्यावर माणूस घोड्यावरून येणार असं वाटतं. उदयराव जन्मभर कंपनीच्या बसमधून आले आणि गेले. पनवेलहून रसायनीला आणि रसायनीहून पनवेलला. तिथल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. कंबरेला तलवार नव्हती, पण किल्ल्यांचा जुडगा होता. कुठला वॉशर कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात आहे, हे ते डोळे मिटून सांगत आणि वर मिशीतल्या मिशीत हसत.

हाच माणूस घरी आला की मोहरी कुठे असते हे त्याला ठाऊक नसे. ठाऊक करून घ्यायची परवानगीच नव्हती. वडाळे तलावाच्या अलीकडच्या जुन्या बिल्डिंगमधला त्यांचा फ्लॅट, त्यातलं स्वयंपाकघर म्हणजे वेगळं संस्थान होतं, आणि तिथे नीताताईंचा हुकूम चाले. लग्नाला थोडे दिवस झाले असताना नीताताई माहेरी गेल्या होत्या, तेव्हा उदयरावांनी नव्या नवरेपणाच्या भरात मांडणीवरचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. एका ओळीत, अगदी कवायतीला उभे केल्यासारखे. नीताताई परत आल्या, चपलाही न काढता मांडणीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

संपलं. त्यानंतर उदयरावांनी घरातल्या डब्यांना हात लावला नाही. नीताताई तापाने फणफणल्या होत्या तेव्हासुद्धा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "साखर कुठली गं?" असं विचारत, आणि पांघरुणातून आवाज येई, "वरून दुसरी फळी, डावीकडून... राहू द्या, मीच उठते."

ती मांडणी स्टीलची, भिंतीवर टांगलेली. खाली कपांसाठी आकड्या, मध्ये ताटं उभी करायचे कप्पे, वर डब्यांच्या फळ्या. सगळं उघडं, सगळं समोर. नीताताई फोडणी करताना तिच्याकडे बघतही नसत. तोंड खिडकीबाहेरच्या शेजारणीशी बोलत असे आणि हात आपला आपण वर जाऊन हिंग घेऊन येई.

उदयराव निवृत्त झाले आणि त्यांच्या मनाने घेतलं की आता नीताला नवं किचन करून द्यायचं. मॉड्युलर. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी केलं होतं. हिनेच काय घोडं मारलंय?

"नको हो," नीताताई म्हणाल्या. "बरं चाललंय माझं."

आता यात उदयरावांची चूक नव्हती म्हणा, किंवा होती. इतक्या वर्षांच्या संसारात ते एक शास्त्र शिकले होते: साडीच्या दुकानात नीताताई "नको, कशाला" म्हणाल्या की ती साडी बांधायला सांगायची. दोनदा "नको" म्हणाल्या की मॅचिंग ब्लाउजपीससुद्धा घ्यायचं. हे शास्त्र कधी चुकलं नव्हतं. किचनला नीताताई पुष्कळदा "नको" म्हणाल्या. उदयराव खूश झाले.

नव्या पनवेलातल्या दुकानातली मुलगी फार गोड होती. पांढरंशुभ्र किचन तिने दाखवलं. कुठेही हँडल नाही, कुठेही डबा नाही. "काकू, यात सगळं आत जातं. बाहेर काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

"चहाचा डबा कुठे राहील?" नीताताईंनी विचारलं.

मुलीने एक ट्रॉली ओढून दाखवली. मग चिमणी दाखवली, कोपऱ्यातलं फिरतं कपाट दाखवलं, आणि निघताना नीताताईंनी पुन्हा विचारलं, "पण चहाचा डबा कुठे राहील?"

"अगं, आत्ताच तर दाखवला तिने!" उदयराव हसले. मुलगीही हसली. शेवटी नीताताईही हसल्या, जरा उशिरा.

काम करायला तौसीफ आला. उरणकडचा, कानावर पेन्सिल, तोंडात सतत कसलं तरी गाणं. जुन्या ओट्याचा कडप्पा फुटला तेव्हा सगळ्या घरावर राखाडी धूळ बसली. तेवढे दिवस हॉलमध्ये एका शेगडीवर स्वयंपाक चालला होता. एकदा पिठल्यात दोनदा मीठ पडलं, एकदा भातात पाणीच पडलं नाही. "धुळीने डोकं उठलंय तुझं," असं म्हणून उदयरावांनी तोही भात चावून चावून खाल्ला.

"काका, ही मांडणी कुठे लावायची?" तौसीफने विचारलं.

"आता कशाला ती? घेऊन जा तू. तुझ्या कामाला येईल."

नीताताई दारात उभ्या होत्या. हात ओले होते. त्या पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी. उदयरावांना हे पुढे फार आठवलं. तेव्हा ते टाइल्सचा रंग बघत होते.

नवं किचन उभं राहिलं. खारघरहून रेवा, त्यांची मुलगी, पेढे घेऊन आली. नव्या शेगडीची पूजा झाली आणि पहिल्या दुधाचं पातेलं चढलं. सगळे टक लावून उभे. साय फुगली, काठाला आली आणि फस्सकन उतू गेली. रेवाने टाळ्या वाजवल्या. भांडीवाली कृष्णाबाई म्हणाली, "चांगला झाला ताई! आता भरभराट हाय!"

दुसऱ्या दिवशीही दूध उतू गेलं.

"भरभराट थांबायचं नाव घेत नाही," उदयराव म्हणाले आणि फडकं घेऊन ओटा पुसला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच विनोद केला. पुढे विनोद संपला, दूध उतू जात राहिलं. जे एकदा झालं की शुभ, ते रोज झालं की काय म्हणायचं, हे कुठल्या पंचांगात दिलेलं नसतं.

मग एका सकाळी बराच वेळ चहा आला नाही म्हणून उदयराव पेपर ठेवून उठले आणि दारातच थांबले. नीताताई मधोमध उभ्या होत्या. त्या एक पांढरं दार उघडत, आत बघत, पुढचं उघडायला वळत. तेवढ्यात मागचं दार आपलं आपण हळूच मिटे. आवाज न करता. तीच तर त्या किचनची खासियत होती, त्याचे वेगळे पैसे मोजले होते. एक उघडावं तर दुसरं मिटलेलं. चहूकडे सगळी दारं सारखी, सगळी कोरी.

"काय शोधतेस गं?"

"काही नाही." मग लहान मुलीसारख्या त्या म्हणाल्या, "चहा."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्रं काढायला लावली, घड्याळाचे काटे लावायला सांगितले. नंतर म्हणाले, "हे आजचं नाही. निदान दोन वर्षं चालू असेल. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

रिक्षातून घरी येताना उदयराव तेच घोळवत राहिले. कसं लक्षात येणार? घरात काहीच चुकत नव्हतं. आमटीला चव तीच, चहाला रंग तोच. डोकं विसरत होतं, पण हात विसरत नव्हते, आणि हातांपुढे ती मांडणी उघडी उभी होती. नीताताईंची निम्मी आठवण भिंतीवर खिळ्यांनी टांगलेली होती, आणि उदयरावांनी ती काढायला लावून भेट म्हणून देऊन टाकली.

रेवाने येऊन सगळ्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: साखर, डाळी, चहा. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या एकावर एक नीट रचून ओट्यावर ठेवलेल्या सापडल्या.

"आई, का काढल्यास?"

"दुकान आहे का हे?" नीताताई म्हणाल्या. बोलणं रास्त होतं.

आणि एके दिवशी कृष्णाबाई दारातूनच ओरडली, "काका, गॅस सुटलाय! तुमाला वास येत नाय काय?" शेगडीचं बटण फिरवलेलं होतं, ज्योत नव्हती. नीताताई शांतपणे मटार सोलत बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी रेवा हॉलमध्ये उभी राहूनच बोलली. "बाबा, आता बास. उद्यापासून आईने किचनमध्ये जायचं नाही. स्वयंपाकाला बाई लावू, गॅसला कुलूप लावू."

सोफ्यावर नीताताई पाहुण्यासारख्या, कडेला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग मी काय करू?"

रेवा खिडकीबाहेर बघू लागली. ज्या बाईने जन्मभर फक्त स्वतःच्या राज्यात राज्य केलं, तिला राज्याबाहेर काढल्यावर ती काय करणार? टीव्ही बघणार?

"मला रविवारपर्यंत वेळ दे," ते रेवाला म्हणाले. "तोवर मी तिच्याजवळून हलत नाही."

दुसऱ्या दिवशी मात्र ते थोडा वेळ हललेच. कृष्णाबाईला नीताताईंजवळ बसवून त्यांनी उरण रस्त्यावरचं तौसीफचं वर्कशॉप गाठलं. मांडणी तिथे भिंतीवर होती. ताटांच्या कप्प्यांत प्लायचे तुकडे, डब्यांच्या फळ्यांवर स्क्रूची खोकी, आणि कपांच्या आकड्यांना बिजागऱ्यांच्या पिशव्या लटकत होत्या. उदयरावांमधल्या स्टोअरकीपरला क्षणभर कौतुक वाटलं.

"तौसीफ, एक मागतो. दिलेलं परत मागू नये, पण मागतो."

"अरे काका! लोक जुनं देऊन नवं नेतात, तुम्ही नवं घेऊन जुन्याला आलात?" तौसीफ हसला. मग उदयरावांचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं आणि आधी बिजागऱ्यांच्या पिशव्या काढायला घेतल्या. "काकूंची तबियत?"

"तिला चहा करायचाय."

तौसीफने मांडणी भिंतीवरून उतरवली. दुपारी तो ड्रिल घेऊन घरी आला, टाइलवर खूण केली आणि थांबला. "काका, या टाइलला भोक पाडलं तर कंपनीची वॉरंटी जाते. नंतर मला बोलू नका."

"पाड रे बाबा. वॉरंटी कशाकशाची राहिलीये?"

पांढऱ्याशुभ्र किचनमध्ये मांडणी अशी दिसत होती, जणू लग्नाच्या हॉलमध्ये कुणी गावची आत्या नऊवारी खोचून येऊन बसली आहे. उदयरावांनी मग डबे काढले. सगळे बाहेर ओट्यावर ठेवले, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, कुठला डबा कुठे होता हे त्यांना माहीतच नाही. कारखान्यातला खण न् खण पाठ असणाऱ्या माणसाने आपल्या घरातली मांडणी कधी नीट पाहिली नव्हती. माहिती एकाच व्यक्तीला होती, आणि तिला विचारून उपयोग नव्हता. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यांनी अंदाजाने लावले.

रविवारी सकाळी रेवा यायच्या आत नीताताई स्वयंपाकघरात आल्या. मांडणीकडे त्यांनी पाहिलं, नवल काही वाटलं नाही. ती तिथेच तर असते. उदयरावांनी शेगडी पेटवून दिली. नीताताईंनी आधण ठेवलं, तोंड खिडकीकडे केलं आणि हात वर गेला. दुसरी फळी. डावीकडून तिसरा डबा.

डबा उघडला. आत साबुदाणा होता.

नीताताईंनी डब्यात पाहिलं. मग मागे वळल्या. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली.

"तुम्ही हात लावलात का माझ्या डब्यांना?"

"लावला," उदयराव म्हणाले. "मीच लावला."

"शंभरदा सांगितलंय! जन्मात एक गोष्ट ऐकाल तर शपथ. आता सरा बाजूला, चहा शोधू दे मला." आणि त्यांनी चहा शोधला. उघड्या फळ्यांवर तो दिसलाच. उदयराव शिव्या खात कोपऱ्यात उभे होते, पहिलं बक्षीस मिळाल्यासारखे.

रेवा आली तेव्हा ते दारातच म्हणाले, "अगं, आई मला ओरडली!" रेवाने त्यांच्याकडे पाहिलं, चपला काढायला खाली वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. कुलपाची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही. ठरलं ते एवढंच, की गॅस बाबा पेटवतील आणि बाबा बंद करतील.

उदयरावांची नोकरी पुन्हा सुरू झाली. नीताताईंचा हात ज्या जागी जाई, ती जागा ते लक्षात ठेवत आणि दुपारी त्या झोपल्या की तो डबा तिथे सरकवून ठेवत. हळूहळू सगळे डबे जागेवर आले. तरीही चूक होई, कारण हात आता कधीकधी वेगळीकडेच जाई. तेव्हा उदयराव झटकन पुढे होत. "मीच हलवला गं. चुकून." आणि शिव्या खात. नीताताईंचं काही चुकत नव्हतं; घरातला बेशिस्त माणूस ते एकटेच होते. ज्याच्या स्टोअरमध्ये कधी एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही, त्याने बायकोच्या लेखी रोज डबे हलवले.

असं वर्षभर चाललं असेल. गणपती झाले, दिवाळी झाली. दिवाळीत करंज्यांचं सारण नीताताईंनी केलं, करंज्या विकत आल्या.

मग थंडीतल्या एका सकाळी नीताताईंनी हात वर केला, डबा काढला, उघडला. साबुदाणा. त्या डब्यात बघत राहिल्या. उदयराव वाट बघत राहिले. आठी आली नाही.

शेवटी त्यांनीच आठवण करून दिली. "अगं नीता, मी हात लावला तुझ्या डब्यांना. सगळे हलवून ठेवले."

नीताताईंनी वर पाहिलं आणि हसल्या. पहिल्यांदाच घरी आलेल्या माणसाकडून बशी फुटली की हसावं तसं, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "होतं असं. लावा तुम्ही हवे तसे."

मागे शेगडीवर दूध वर येत होतं. बंद करायचं काम उदयरावांचं होतं, आणि इतक्या दिवसांत त्यांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं. त्या दिवशी दूध ओट्यावरून ओघळून खाली फरशीवर आलं, त्यांच्या पायाला लागलं, तेव्हा कुठे ते वळले.