मुलीचे नाव गाळले, सुभेदाराचे ठेवले

आधी घटनाक्रम, मग उत्तरदायी व्यक्ती.

नाताळाआधीचा दुसरा रविवार: उपासनेनंतर चर्चच्या पंच कमिटीची बैठक झाली. मंडळीला पूर्वसूचना नव्हती. नाताळाची सकाळ: उपासनेत म्हणायचा बदललेला मजकूर छापील कागदावर मंडळीच्या हाती दिला गेला. नव्या वर्षाचा पहिला रविवार: माझ्या पत्नीची चर्चमधली जागा बदलण्यात आली. उत्तरदायी तीन आहेत. तो मजकूर लिहिणारे आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. तो छापून आणणारे आणि माझ्या पत्नीची ‘संमती’ मिळवल्याचे सांगणारे कमिटीचे सेक्रेटरी. आणि या दोन्ही वेळी गप्प बसलेले बाकीचे पंच. नावे देत नाही. आमच्या गावात ती सर्वांना ठाऊक आहेत आणि गावाबाहेरच्यांना त्यांचा उपयोग नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात नाझर होतो. समन्स आणि नोटिसा योग्य माणसाच्या हाती पडल्या की नाहीत, हे पाहणारे खाते माझ्याकडे होते. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. विजेच्या खांबाबद्दल, बसस्थानकावरच्या नळाबद्दल, रेशनच्या वजनाबद्दल लिहिली आहेत. बहुतेकांची पोचही येत नाही. त्यामुळे या पत्रलेखनाकडे गाव करमणूक म्हणून पाहते, याची मला कल्पना आहे. हे लिखाण त्या पत्रांपैकी नाही. हे मी आठवणी म्हणून लिहीत आहे, कारण पत्रात जे मावत नाही ते इथे सांगावे लागणार आहे.

आमच्या उपासनेत दर रविवारी सर्वजण उभे राहून मतांगीकार म्हणतात. आपण कशावर विश्वास ठेवतो, याचे ते एका सुरातले निवेदन आहे. देव पित्यापासून ते सुरू होते, पुत्रापाशी येते, आणि तिथे एक वाक्य आहे: हा पुत्र पवित्र आत्म्याच्या योगाने गर्भात आला आणि कुमारी मरीयेच्या पोटी जन्मला. लहानपणापासून मी हे वाक्य म्हणत आलो आणि वयाच्या चाळिशीपर्यंत त्याचा विचार केला नाही. नोकरीमुळे पुराव्याची सवय लागली तेव्हा ते मला टोचू लागले. एकदा दुपारी पत्नी अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी तिला विचारले, “या वाक्याला साक्षीदार कोण?”

ती बोरी अरबकडची. रविवारच्या शाळेत तिने अनेक वर्षे मुलांना शिकवले, पण घरात तिची बोली कधी बदलली नाही.

“एकटी तीच,” ती म्हणाली. “म्हणूनच तुमच्या कोर्टात टिकत नाही हे.”

“मग तू कशाच्या आधारावर मानतेस?”

“इचारलं म्हणून.”

“कोणी?”

“देवानं. त्या पोरीले इचारलं, अन् ती हो म्हणेपावतो थांबला. तिच्या बापाले नाही इचारलं. ज्याच्यासंग लगीन ठरलं होतं त्याले बी नाही. त्याले तं मागून कळवलं, तेबी सपनात.”

“म्हणजे नोटीस नंतर बजावली.”

“बजावली. अन् तुमच्या बेलिफापेक्षा बराबर बजावली.”

मी हसलो, पण ते उत्तर माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण माझ्या टेबलासमोर दर महिन्याला जे घडत होते ते मला ठाऊक होते. वडिलांच्या शेतावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर बहिणीचा अंगठा लागलेला असे. तो कागद वादात आला की बहीण पदर घट्ट धरून उभी राही आणि उत्तर भाऊ देत असे: “तिची तयारी होती साहेब, तिलेच इचारा.” मग तिला विचारले जाई, आणि ती भावाकडे पाहून मान हलवी. कायद्याच्या दृष्टीने अशा मान हलवण्याला किती किंमत द्यावी, यावर वकील तासभर भांडत. माझ्या मते तिथे कोणी काही विचारलेलेच नसे.

आमच्या लग्नाचेही मला आठवते. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या काकांनी तिच्या वतीने होकार दिला. तिला कोणी बोलू दिले नाही. पण चर्चमध्ये विवाहविधीत वधूला विचारावेच लागते. पाळकांनी विचारले आणि ती गप्प राहिली. इतकी गप्प, की माझ्या मानेवरून घाम ओघळला आणि मागच्या रांगेत कोणी तरी खाकरले. मग ती स्पष्ट “होय” म्हणाली. संध्याकाळी मी तिला विचारले, एवढा वेळ का लावलास?

“मले आजपावतो कोणी काहीच इचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच इचारलं. मंग जराक वेळ घेऊ नये काय?”

कुमारी जन्मावरच्या प्रवचनांत मी बहुतेक वेळा एकच सूर ऐकला: मरीया किती शुद्ध, किती शालीन, आणि म्हणून आपल्या मुलींनी कसे राहावे. पत्नी हा सूर ऐकताना चप्पल शोधल्यासारखी पायाशी पाहत असे. तिच्या लेखी त्या वाक्याचा अर्थ मुलींवर पहारा ठेवण्याचा नव्हता. मला तो अर्थ माझ्या भाषेत असा समजला. वारसा वंशातून येतो, बापाकडून मुलाकडे, आणि त्यावर हक्क सांगता येतो. हा जन्म तसा आला नाही. कोणत्याही पुरुषाच्या इच्छेतून, कुळातून किंवा हक्कातून तो निघालेला नाही. तो दान म्हणून आला. आणि दानपत्र देणाऱ्याच्या सहीने पुरे होत नाही. घेणाऱ्याचा स्वीकार लागतो. सगळ्या माणसांच्या वतीने तो स्वीकार एका गावातल्या, लग्न ठरलेल्या मुलीने केला. ती नाही म्हणू शकत होती. तिच्या ‘हो’ला किंमत आहे ती यामुळेच. तिच्याशी लग्न ठरलेल्या योसेफाने नंतर त्या बाळाला नाव दिले, म्हणजे कायद्याने त्याचे पितृत्व पत्करले. त्याचा मोठेपणा मी मान्य करतो, पण त्याचा क्रम दुसरा आहे.

काही वर्षांपूर्वी पत्नीला अर्धांगाचा झटका आला. हात बराच सुधारला, वाचा परतली नाही. एकच शब्द उरला: हो. भूक लागली आहे का? हो. पोट भरले का? हो. पंखा बंद करू? हो. मी पंखा बंद करतो आणि ती कपाळावरचा घाम पुसते. वाचणेही गेले, अक्षरे तिला ओळखू येत नाहीत. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितले की समजते बरेचसे, पण शब्द तोंडाशी येत नाहीत. जुने पाठांतर मात्र कधी कधी शाबूत राहते, कारण ते वेगळ्या वाटेने येते.

ती वाट आम्हाला चर्चमध्ये सापडली. आमच्याकडे स्त्रिया डावीकडे बसतात आणि पुरुष उजवीकडे. दुखण्यातून उठल्यावर ती पहिल्यांदा आली त्या रविवारी मतांगीकार सुरू झाला आणि डाव्या बाजूने मला तिचा आवाज ऐकू आला. संथ, किंचित अडखळणारा, पण सलग. सगळ्या बायकांच्या आवाजात तिचा आवाज मिसळून पुढे जात होता. त्या वाक्यापाशी तो जरा वर चढला. घरी आल्यावर मी तेच तिच्याबरोबर म्हणून पाहिले. ती दोन शब्द बोलली, थांबली, आणि माझ्याकडे पाहू लागली. माझ्या एकट्याच्या आवाजावर तिला चालता येत नव्हते; तिला त्या बायका लागत होत्या. तेव्हापासून तिचे आठवड्याचे सगळे बोलणे रविवारी, तेवढ्या वेळात होत असे.

आता नाताळाकडे येतो. आमच्या नाताळाच्या उपासनेला गावातले प्रतिष्ठित येतात, त्यांच्यासाठी पुढे खुर्च्या मांडतात. आदल्या वर्षी कोणा टवाळाने मतांगीकाराचे ते वाक्य मोबाईलवर चित्रित करून, खाली घाणेरडा शेरा लिहून गावभर फिरवले होते. कमिटी त्याने धास्तावली, हे मी समजू शकतो. त्यावर उपाय म्हणून पाळकसाहेबांनी मतांगीकार ‘सुटसुटीत’ केला. नव्या कागदावर पुत्र ‘मानव होऊन आला’, आणि लगेच पुढच्या ओळीत रोमी सुभेदार पिलाताच्या अमलात त्याने दुःख सोसले.

हे मी पुन्हा एकदा मांडतो, कारण कमिटीतल्या एकाच्याही हे लक्षात आलेले दिसत नाही. पुत्राखेरीज त्या संपूर्ण निवेदनात दोनच माणसांची नावे आहेत. एक मुलगी, आणि एक न्याय देण्याच्या जागेवर बसलेला अधिकारी. मुलीला विचारले, तेव्हा तिने जबाबदारी घेतली. अधिकाऱ्याला पुत्राच्या खटल्यात निकाल विचारला, तेव्हा त्याने आपली जबाबदारी नाही म्हणून हात धुतले. आमच्या कमिटीने मुलीचे नाव गाळले आणि अधिकाऱ्याचे ठेवले. मी जन्मभर न्यायालयात काम केले आहे, आणि अधिकाऱ्यांना मिळणारी ही सवलत मला नवी नाही. पण ती मतांगीकारात मिळावी, असे मला वाटले नव्हते.

त्या सकाळी सर्वजण कागद पाहून म्हणत होते. पत्नीला कागद वाचता येत नाही. ती आवाजांच्या मागे निघाली, पुत्रापर्यंत आली, आणि जुन्या वाटेने पुढे गेली. मंडळी सुभेदारापाशी पोचली तेव्हा तिचा एकटीचा आवाज मरीयेचे नाव घेत होता. पुढच्या खुर्च्यांवरच्या माना वळल्या. पोरांच्या बाकावर खसखस पिकली, एक मोबाईल वर झाला. तिने वाक्य पुरे केले. मग तिने पुन्हा सर्वांच्या आवाजात शिरायचा प्रयत्न केला, पण ते फार पुढे गेले होते. शेवटच्या आमेनपर्यंत तिचे तोंड उघडे होते आणि त्यातून काही आले नाही. मी उजव्या बाजूला होतो. मधली जागा ओलांडून मी गेलो नाही. तशी आमच्याकडे रीत नाही.

दुपारी माझे जुने स्नेही, आमच्याच न्यायालयातले निवृत्त वकील, नाताळाचा फराळ घ्यायला आले. ते मुसलमान. त्यांच्या बैठकीत माझ्या पत्रांची यथेच्छ थट्टा चालते. मी त्यांना सगळे सांगितले.

“नाझरसाहेब, केस बनत नाही,” करंजी मोडत ते म्हणाले. “तुमचा लोकस काय? दावा लावाचा तुम्हाले हक्क काय? तुम्ही तं जेन्ट्स साईडले बसता.”

“चेष्टा नको, वकीलसाहेब.”

“चेष्टा नाही. मरियमबद्दल आमच्याकडंबी हेच मानतात. आता तुम्हीच काढून राह्यले तं आम्ही एकटेच पडलो ना!” मग ते पत्नीकडे वळले. “काय वहिनी, बराबर आहे का नाही?”

“हो,” पत्नी म्हणाली.

“पाहा, कोर्टानं आमच्या बाजूनं निकाल दिला.”

ते हसले. पत्नीही हसली. हा हो खरा होता की नेहमीचा, ते मला कळले नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये शिरलो तेव्हा पत्नी आपल्या जागी नव्हती. सेक्रेटरींनी तिला दारातच गाठून शेवटच्या बाकावर बसवले होते. मी कारण विचारले.

“काकाजी, काकींलेच इचारलं मी. म्हटलं, मागं मोकळी हवा आहे, मागं बसता काय? त्या हो म्हणल्या. त्यांची संमती आहे. हे सर्वे साक्षीदार आहेत.”

“त्यांना पुढे बसायचे आहे का, असे विचारले होते?”

“आता ते काहून इचारू, बाप्पा?”

मी तिथेच, सर्वांसमक्ष विचारले, “तुला पुढे बसायचे आहे?” ती म्हणाली, “हो.” सेक्रेटरींनी हात उडवले आणि ते देणगीची पेटी घेऊन निघून गेले. शेवटच्या बाकावर ती एकटी होती. नवा मजकूर सुरू झाला, संपला. डाव्या बाजूने मला तिचा आवाज आला नाही. त्यानंतरच्या कोणत्याही रविवारी आलेला नाही.

याबद्दल मी लिहिलेले पत्र मिळाल्यावर पाळकसाहेब घरी आले. ते नगरकडचे, तरुण, कष्टाळू. झरी जामणीच्या जंगलातल्या वाड्यांवर मोटारसायकलने जाऊन आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. त्यांच्याबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. चहा घेता घेता ते म्हणाले, “काका, अर्थ तोच राहतो हो. देव माणसांत आला, हेच महत्त्वाचं. लोक ज्याला अडखळतात तेवढंच बाजूला ठेवलं.”

“लोक एका मुलीच्या होकाराला अडखळतात, साहेब. मग तोच नेमका बाजूला का?”

“शब्दच तर आहेत, काका.”

पत्नी समोर बसली होती. मी म्हणालो, “शब्द किती, ते हिला विचारा.”

ते तिच्याकडे वळले. विचारायला तोंड उघडले आणि थांबले. मला वाटते, काय विचारले तरी उत्तर एकच येणार, हे त्यांना त्या क्षणी उमगले. त्यांनी कप खाली ठेवला, डोके लववून प्रार्थना केली आणि ते गेले. प्रार्थना चांगली होती. उत्तर तिच्यात नव्हते.

माझी मागणी अशी आहे. मला खाजगी भेट नको, चहा नको, लेखी दिलगिरी नको. येत्या रविवारी मतांगीकार सुरू होण्याआधी पाळकसाहेब आणि सेक्रेटरी यांनी संपूर्ण मंडळीसमोर उभे राहून मोठ्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ते वाक्य गाळण्यापूर्वी चर्चमधल्या एका तरी बाईला विचारले होते का? आणि जिला नाही म्हणताच येत नाही, तिचा हो तुम्ही कोणत्या अधिकाराने संमती म्हणून धरला?