भाकरी फिरते तशी पृथ्वी

लॅपटॉपवरच्या नकाशात लाल ठिपका माझ्या मुलाच्या बंदरावर येऊन थांबला आणि नातीच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा आखातात क्रेन चालवतो. तिकडे क्षेपणास्त्र सुटलंय, असं टीव्हीवर सांगत होते आणि त्याचा फोन लागत नव्हता. नात इंजिनीअरिंगला आहे. लांब फेकलेली वस्तू कुठे पडेल, ते काढणारा प्रोग्राम तिने कॉलेजसाठी लिहिला होता. त्यातच बातम्यांतले आकडे भरून ती बापाचं काय होणार ते बघत होती.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"थांब गं आजी." मग तिने कपाळावर हात मारला. "पृथ्वी फिरवलीच नाही! काल सोपं गणित तपासताना बंद ठेवली होती."

"तू कोण पृथ्वी बंद ठेवणारी?"

मी चौथी शिकलेली. तिने माझ्या परातीकडे बोट दाखवलं. मी तांदळाची भाकरी थापत होते. हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे जातं.

"भाकरी थापताना फिरते ना? वरून तीळ टाकलास तर तो खाली येईपर्यंत जागा सरकते. हे क्षेपणास्त्र तर कितीतरी वेळ वर असतं."

तिने पृथ्वी फिरवली. ठिपका सरकून समुद्रात गेला.

तोवर लालबागच्या आमच्या चाळीतले सगळे दारात जमले होते. शेजारचे भाऊ नारळ घेऊन आले. चाळीत काहीही झालं की देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांनी नातीकडे बोट दाखवलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान दाखवल्यान तसां तां दर्यात पडां दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. नातसुद्धा.

"भाऊ, मागे लिफ्टसाठी घातलंत, ती अजून आली नाही," समोरची म्हणाली.

लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या क्षेपणास्त्राने आमचा लॅपटॉप थोडाच पाहिला होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. क्षेपणास्त्र हवेतच फोडलं होतं आणि त्याचे तुकडे कामगारांच्या खोल्यांवर पडले होते.

"मधेच फुटेल हे मी धरलंच नव्हतं," नात म्हणाली.

मुलगा तेव्हा क्रेनवर होता. तो वाचला. त्याच्या खोलीतला सोबती रात्रपाळी करून झोपला होता. तो वाचला नाही.